सासूबाईंच्या टायपिंगची नोंद

लॅपटॉपचं झाकण हेसुद्धा एक इनपुट उपकरण असतं, हे मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. बावीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आले की इनपुट उपकरणं म्हणजे कीबोर्ड, माउस, स्कॅनर आणि माइक. मुलं ते पाठ करतात, पेपरात लिहितात आणि मी मार्क देते. झाकणाचं नाव मी एकदाही घेतलं नव्हतं. झाकण मिटलं किंवा उघडलं की आतल्या यंत्राला तशी वर्दी जाते, चालू-बंद करायच्या बटणाचीही जाते, आणि या सगळ्यांची नंबरवार यादी लॅपटॉप जवळ बाळगून असतो. ती यादी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला स्वतःची थोडी लाज वाटली आणि त्याहून जास्त मजा वाटली.

पण त्या यादीपर्यंत मी गेले ती सासूबाईंसाठी.

सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांचे वडील नागपूरहून सरकारी ऑफिसबरोबर भोपाळला आले तेव्हा त्या फ्रॉक घालत होत्या. पुढे त्या त्याच सरकारात टायपिस्ट म्हणून लागल्या आणि छत्तीस वर्षं हिंदी टाइपरायटर बडवून निवृत्त झाल्या. आता आम्ही बरखेड्यात, नवऱ्याच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहतो. नवरा त्यांचा एकुलता एक मुलगा. आमची मुलगी इंजिनिअरिंगसाठी पुण्यात असते, आणि जाताना तिने तिचा जुना लॅपटॉप आजीसाठी ठेवला. त्यात विंडोज नाही, लिनक्स आहे. आजीला त्याचं सोयरसुतक नाही. त्यांना जुन्या टाइपरायटरसारखी अक्षरांची मांडणी मिळाली, वेगळा जाडजूड कीबोर्ड जोडून मिळाला, एवढं त्यांना पुरलं.

या लॅपटॉपवर त्या मराठी मंडळाची मासिक पत्रिका टाइप करतात. सोळा पानं असतात. कोणी हाताने लिहून नर्मदेकाठचं प्रवासवर्णन पाठवतं, कोणी सांडग्यांची कृती, कोणी कविता. सासूबाई तो कागद डावीकडे स्टँडला लावतात आणि बोटांकडे न बघता टाइप करतात. प्रत्येक ओळ संपली की एंटर मारायची त्यांची सवय कधी गेली नाही. कॉम्प्युटर ओळ आपोआप खाली नेतो, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. त्या मान डोलावतात आणि एंटर मारतात. मंडळाचे सेक्रेटरी ते सगळे एंटर निमूटपणे काढून टाकत असत.

गेल्या दिवाळीनंतरच्या अंकात पहिल्यांदा गडबड झाली. मधेच एखादा शब्द असा यायचा की तो कोणत्याच भाषेतला नव्हता. पुढच्या अंकात तेच, थोडं जास्त. सेक्रेटरींनी दिसलं ते दुरुस्त केलं. तिसऱ्या अंकात मात्र मंडळाच्या एका जुन्या सभासदांची श्रद्धांजली होती, आणि तीत चार ठिकाणी असा चिवडा झाला होता. तो कोणाच्याच नजरेत आला नाही आणि तसाच छापला गेला. घरच्यांना वाईट वाटलं. वाटणारच.

सेक्रेटरी घरी आले. भले गृहस्थ आहेत, दोन पिढ्या इंदूरचे आणि आता भोपाळचे. चहा घेतला, हवेबद्दल बोलले, आणि मग म्हणाले, "काकू, तुम्ही आता आराम करा नं. किती वर्षं केलं तुम्ही. कोणी तरुण बघून घेऊ आपण." सासूबाई म्हणाल्या, पुढचा अंक होऊ दे, मग बघू. सेक्रेटरींना नाही म्हणवलं नाही.

नवऱ्याने त्याच आठवड्यात साकेत नगरकडच्या मोठ्या दवाखान्यात नंबर लावला. त्याचं म्हणणं, आईचा हात थरथरतो. चहाचा कप बशीवर वाजतो, हे त्याने ऐकलंय. माझ्या मते आमच्या बशाच वाकड्या आहेत, पण तो इंजिनिअर आहे आणि त्याला कारण सापडलं की तो दुसरं शोधत नाही. तारीख तीन आठवड्यांनंतरच्या मंगळवारची मिळाली.

दोन दिवसांनी आम्ही दोघी ओसरीत मेथी निवडत होतो. त्या खाली बघत म्हणाल्या, "तू कॉम्प्युटरची मास्तरीण आहेस. मला एवढंच सांग. माझं बोट चुकतंय की डोकं?"

मला लगेच कळलं त्या कोणाबद्दल बोलताहेत. त्यांची थोरली बहीण नागपूरला असायची. तिचं सुरुवातीला पत्रातच बिघडलं होतं. शब्द उलटसुलट, मग तारखा चुकीच्या, मग एकाच पाकिटात एकच पत्र दोनदा. शेवटची चार वर्षं ती सासूबाईंना ओळखत नव्हती, ऑफिसातल्या बाई समजून नमस्कार करायची. सासूबाई दर दिवाळीला जायच्या आणि तो नमस्कार घेऊन परत यायच्या. मी म्हटलं, आई, मी अंक छापण्याआधी वाचून दुरुस्त करत जाईन. त्या म्हणाल्या, त्याने अंक दुरुस्त होईल, माझ्या प्रश्नाचं काय. बरोबर होतं.

आधी मी साधा उपाय केला. त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. त्या ताठ बसल्या, पदर सावरला आणि दीड पान टाइप केलं. एक चूक नाही. आयुष्यभर टायपिंगच्या परीक्षा दिलेली बाई, परीक्षक शेजारी बसल्यावर चुकेल कशाला. म्हणजे कोणी बघत नसताना काय होतं ते बघायला हवं होतं.

मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, यासाठी तयार साधन मिळतं. उपकरणाकडून काय काय येतं ते जसंच्या तसं लिहून ठेवतं, कोणतं बटण, कधी दाबलं, कधी सोडलं. माउस बिघडला की लोक हेच करतात, नोंद काढतात आणि जाणकाराला पाठवतात. पण त्याला चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा. "आई, खूप अक्षरं धावत येतील," ती म्हणाली, "घाबरू नको. वाच."

आता खरं सांगते. बावीस वर्षं कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मी त्या काळ्या पडद्याला टर्मिनल म्हणतात याच्या पलीकडे फारसं काही केलं नव्हतं. साधन इन्स्टॉल करायचा हुकूम टाइप केला, तर त्याने पासवर्ड मागितला. मी पासवर्ड टाकू लागले आणि पडद्यावर काहीच उमटेना. ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड मेला असं समजून मी वायर काढून परत लावली. मग वाचलं की ते असंच असतं, पासवर्ड किती अक्षरांचा आहे हेसुद्धा तो कोणाला दिसू देत नाही. मला हे फार आवडलं. पुढे नोंद सुरू करायला गेले तर परवानगी नाही म्हणाला. बटणांचं ऐकायचं असेल तर मालकाचा पासवर्ड पुन्हा द्यावा लागतो, सोम्यागोम्याला ऐकू देत नाहीत. तेही मला पटलं.

मग ती यादी आली, झाकणवाली. एकेका उपकरणाला एकेक नंबर होता. मी घाईत शाळेला निघाले होते. एक नंबर निवडला, नोंद सुरू केली, खिडकी खाली सारली आणि गेले. सासूबाईंना आदल्या दिवशीच सगळं समजावलं होतं. दुपारी येऊन बघते तर फायलीत चार तासांत एकच घटना. साडेअकराला झाकण मिटलं. मी सकाळभर झाकणाची नोंद घेत बसले होते. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. साडेअकराला मी आंघोळीला उठते." यंत्राने पहिल्याच दिवशी त्यांची शिस्त पकडली होती.

दुसऱ्या दिवशी कीबोर्डचाच नंबर दिला. दुपारी फाइल उघडली आणि माझी चपाती ताटात गार झाली. हजारो ओळी होत्या. प्रत्येक ओळीत वेळ, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत. बटण दाबलं की एक, सोडलं की शून्य. कोणाच्या बोटांचं इतकं बारीक काही मी कधी पाहिलं नव्हतं. मनगट वर ठेवा, बोटं वाकवा असं मी वर्गात सांगते, पण एक बटण किती वेळ खाली राहतं हे मला ठाऊक नव्हतं. सासूबाईंचं बटण सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत वर येत होतं. मी स्वतःची नोंद काढून पाहिली. माझं त्याच्या दीडपट वेळ खाली राहतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने मला आरामात मागे टाकलं होतं.

एक गोष्ट मात्र विचित्र होती. सगळ्या ओळींत बटणाचं नाव एकच, इंग्रजी ए. मला वाटलं काहीतरी बिघडलं. माहिती वाचली तर कळलं की ते मुद्दाम असतं. कोणी काय लिहिलं ते दुसऱ्याला कळू नये म्हणून साधन स्वतःहून सगळी अक्षरं झाकतं आणि फक्त वेळ दाखवतं. अक्षरं हवीच असतील तर हुकूमात तसा वेगळा शब्द जोडावा लागतो. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे मी काय लिहिते ते तुला दिसत नाही?" मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, मग ठीक आहे. त्यांच्या चेहऱ्यावर जरा सुटल्यासारखं झालं, हे मी पाहिलं होतं. पण तेव्हा माझं डोकं आकड्यांत होतं.

तीन दिवसांच्या नोंदी मी शाळेच्या आलेख वहीत उतरवल्या. हात थरथरत असता तर एक बटण दोनदा लागलं असतं, वेळा वेड्यावाकड्या झाल्या असत्या. तसं काही नव्हतं. ताल एकसारखा होता. फक्त साधारण सत्तर बटणांनंतर एक सेकंदभराची खीळ यायची, मग पुन्हा तोच ताल. मी खुशीत नवऱ्याला वही दाखवली. त्याने पानं उलटून पाहिली आणि म्हणाला, हात ठीक दिसतो. मी विजयाने स्वयंपाकघरात गेले, कुकर लावला, आणि पहिली शिटी व्हायच्या आत मला सासूबाईंचं ते बोलणं आठवलं. बोट चुकत नसेल तर त्यांच्या प्रश्नात उरलं काय होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हुकूमात तो वेगळा शब्द जोडला. त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या हो म्हणाल्या असत्या, असं मी स्वतःला समजावलं. मग विचारलं का नाही, तर मला भीती होती की त्या नाही म्हणतील, आणि मला बघायचंच होतं. चौकसपणा हा माझा गुण आहे असं मी सगळ्यांना सांगत असते. त्या दिवशी तो गुण नव्हता.

दुपारी फायलीत खरी अक्षरं होती, पण इंग्रजी बटणांची. त्या बटणावर सासूबाईंच्या मांडणीत कोणतं अक्षर येतं ते बघून एकेक बदलायला हवं होतं. त्यांच्या जुन्या टायपिंगच्या पुस्तकातला तक्ता समोर ठेवून मी पेन्सिलीने लिहू लागले. मला वाटलं सुरुवातीला प्रवासवर्णन येईल. आला वार. एंटर. मग तारीख. एंटर. मग तिथी. मग माझ्या नवऱ्याचं नाव, माझं नाव, नातीचं नाव. मग माझ्या गेलेल्या सासऱ्यांचं. मग नागपूरच्या बहिणीचं. मग आयुष्यात राहिलेल्या सात सरकारी क्वार्टरांचे नंबर, ओळीने. मग जुन्या ऑफिसचा टेलिफोन. आणि शेवटी, काल रात्रीची भाजी, गिलकी, मीठ जास्त.

तोंडाने त्या छान झालीय म्हणाल्या होत्या.

त्यापुढे फक्त पुसण्याचं बटण होतं. दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं, ही सगळी यादी एकेक अक्षर करून पुसेपर्यंत. मग तीन मिनिटं काही नाही. मग प्रवासवर्णन सुरू.

मी पेन्सिल ठेवून दिली. त्या रोज सकाळी स्वतःची परीक्षा घेत होत्या आणि पेपर फाडून टाकत होत्या. घरात आम्ही दोघं माणसं, आणि दोघांपैकी कोणालाही पत्ता नव्हता. मला रडू आलं आणि त्याच वेळी चोरी करताना पकडल्यासारखं वाटलं, कारण ती चोरीच होती. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण प्रश्नाचं उत्तर अजून मिळालं नव्हतं, म्हणून पुढचं लिहीत गेले.

प्रवासवर्णनाच्या तिसऱ्या ओळीत पहिला चिवडा सापडला. नीट पाहिलं तर त्या शब्दातली उजव्या हाताची अक्षरं बरोबर होती. फक्त डाव्या हाताची सगळी बोटं एक बटण डावीकडे पडली होती. शब्द डोक्यात बरोबर होता. डावा हातच जागेवरून सरकला होता, आणि पुढच्या शब्दाला परत जागेवर आला होता. पुढची चूकही तशीच, आणि त्यापुढचीही. आणि प्रत्येक चूक एंटरनंतरच्या पहिल्या शब्दात. त्या सत्तर बटणांनंतरच्या खिळीची जागाही हीच होती. मी मागे जाऊन सकाळची यादी पुन्हा पाहिली. तिथे तर दर शब्दाला एंटर, आणि एक अक्षर चुकलेलं नाही. म्हणजे नुसत्या एंटरमुळे होत नव्हतं. ओळ पूर्ण भरली की मगच होत होतं. पुढचे चार दिवसही मी अक्षरं उघडीच ठेवून नोंद घेतली, आणि रोज हेच दिसलं.

त्या एका सेकंदात काय घडतं, हे मात्र फायलीत नव्हतं. बटणाला हात लागला तरच यंत्राला कळतं. हात हवेत असेल तर त्याच्या लेखी काहीच घडत नाही.

रविवारी मी कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. त्या टाइप करत होत्या. ओळ संपत आली, उजव्या करंगळीने एंटर मारला, आणि डावा हात वर उठला, कानाच्या थोडा खाली आला, हवेतलं काहीतरी उजवीकडे ढकललं आणि परत खाली येऊन बसला. एक बटण डावीकडे. पुढची ओळ. पुन्हा हात उठला, ढकललं, खाली आला. टाइपरायटरला डावीकडे एक दांडा असतो. ओळ संपली की घंटी वाजते आणि तो दांडा ढकलून गाडा परत आणायचा असतो. त्या नसलेला दांडा ढकलत होत्या. माझी जुडी हातातून पडली तरी त्यांना कळलं नाही.

पण आधी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर आणि मग या लॅपटॉपवर त्या दहा-बारा वर्षं टाइप करत होत्या, तेव्हा हे होत नव्हतं. मग आताच का? मी दारातच उभी राहून खोली बघत होते आणि नजर टेबलावर गेली. ते टेबल मीच आणलं होतं. आणलं म्हणजे, त्यांच्या पहिल्या क्वार्टरपासूनचं टायपिंगचं टेबल अडगळीत पडलं होतं, ते मी गेल्या दिवाळीत सुताराकडून नीट करून, पॉलिश मारून त्यांना वाढदिवसाला दिलं होतं. त्याआधी त्या जेवणाच्या टेबलावर बसत. मी इंचटेप आणून मोजलं. जेवणाच्या टेबलापेक्षा ते चार बोटं बुटकं होतं. टाइपरायटर उंच असतो म्हणून त्याचं टेबल बुटकं करतात. हात त्या उंचीवर आले आणि त्यांना वाटलं, आपण ऑफिसात आहोत. पहिली गडबड दिवाळीनंतरच्याच अंकात होती. एवढं भलं करायला मी गेले आणि श्रद्धांजलीचा चिवडा माझ्यामुळे झाला.

संध्याकाळी मी त्यांच्यासमोर बसले. "आई, डोकं नाही," मी म्हटलं. "टेबल आहे." मग सगळं सांगितलं. त्या उठल्या, कीबोर्डपुढे बसल्या, डोळे मिटून एक लांब ओळ टाइप केली. हात वर गेला आणि त्यांनी डोळे उघडले. हवेत राहिलेला स्वतःचा हात त्या बराच वेळ बघत होत्या. "घंटी वाजायच्या आधीच उठायचा हा," त्या म्हणाल्या. "साहेब म्हणायचे, बाईंना घंटी लागत नाही." त्या हसल्या. मीही हसले. मग त्यांचं हसू थांबलं. त्या टायपिस्ट आहेत, कागदातली खोट त्यांना दिसतेच.

"पण डोकं नाही, हे तुला कशावरून कळलं?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. डाव्या-उजव्या हाताचं सांगून वेळ मारून नेता आली असती. पण तेवढ्याने त्यांची भीती गेली नसती. खरं उत्तर त्या यादीतच होतं. मी म्हटलं, "सकाळच्या यादीत एकही चूक नाही. पाच दिवस. एकही नाही."

त्यांनी कीबोर्डवरचं फडकं उचललं, चार घड्या केल्या, परत उलगडलं. मी माफी मागितली. अक्षरं झाकलेली असतात असं सांगून मी ती उघडली, ते चुकलं, असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी फक्त एक विचारलं. "मिठाचंही वाचलंस?" मी म्हटलं, हो. त्या उठून देवघरात गेल्या. पुढचे दोन दिवस त्या माझ्याशी लागेल तेवढंच बोलल्या. नवऱ्याला वाटलं स्वयंपाकघरात काही झालंय, आणि मी ते तसंच वाटू दिलं.

मंगळवारी दवाखान्यात गेलो. टेबलाचं नवऱ्याला सांगून झालं होतं, पण नंबर लागलाच आहे तर दाखवून घेऊ, हे सगळ्यांनाच पटलं. तो गाडी लावायला जागा शोधत राहिला आणि आम्ही दोघी आत गेलो. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने हात पुढे करायला लावले, बोटांनी नाक शिवायला लावलं. मग विचारलं, "अम्माजी, आज कौन सा दिन है?" सासूबाईंनी वार सांगितला, तारीख सांगितली, तिथीही सांगितली. घरात कोण कोण, कुठे कुठे राहिलात. त्या धडाधडा सांगत गेल्या. रोजचा पाठ केलेला पेपरच आला होता. शेवटी डॉक्टर म्हणाली, "और कल रात खाने में क्या था?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. दोन दिवसांत पहिल्यांदा.

"भिंडी," त्या म्हणाल्या. "नमक बराबर था."

डॉक्टरने लिहून घेतलं. वयाच्या मानाने सगळं उत्तम आहे, वर्षाने पुन्हा दाखवा, असं तिने सांगितलं. बाहेर येऊन आम्ही नवऱ्याची वाट बघत बाकावर बसलो. सासूबाई डॉक्टरने दिलेला पर्चा घडी करून पर्समध्ये ठेवत होत्या. त्या म्हणाल्या, "वर्ष फार होतं. ताईचं वर्षभरातच झालं होतं. आम्ही सगळे म्हणत राहिलो की वयामुळे आहे, आणि तिला कोणी सांगितलंच नाही. तू ते यंत्र महिन्यातून एकदा लावत जा. अक्षरं दिसतील असंच लाव. आणि चूक दिसली तर आधी मला सांगायचं. त्याला नाही." मी हो म्हटलं. त्या पुढे म्हणाल्या, "पासवर्ड मात्र माझा राहील."

टेबलाच्या पायांखाली सुताराने चार लाकडी गुटके बसवून दिले. टेबल काढून टाकायला त्या तयार नव्हत्या. आठ-दहा दिवस हात अर्ध्यावर उठून खाली यायचा, मग उठायचा थांबला. पुढचा अंक स्वच्छ निघाला आणि सेक्रेटरींनी तरुण बघून घेण्याचा विषय पुन्हा काढला नाही. श्रद्धांजली त्या अंकात नव्याने छापली, सासूबाईंनीच टाइप करून. खाली क्षमा मागणारी ओळ होती, ती मी लिहून दिली होती.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी काळा पडदा उघडते आणि हुकूम टाइप करते. पासवर्ड मागितला की मी उठून खिडकीतून पेरूच्या झाडाकडे बघत उभी राहते. मागे बटणं वाजतात, पडद्यावर काही उमटत नाही, आणि त्या म्हणतात, झालं. मग मी खोलीबाहेर जाते. संध्याकाळी पेन्सिल आणि तक्ता घेऊन बसते, वारापासून भाजीपर्यंत सगळं वाचते आणि वही मिटते. सात महिन्यांत मला त्यांना काही सांगावं लागलेलं नाही.

यादी त्या अजूनही एकेक अक्षर करून पुसतात. पहिल्या रविवारी मात्र भाजीच्या खाली आणखी एक ओळ असते आणि ती त्या पुसत नाहीत. माझं नाव, आणि पुढे एकच शब्द. सांगशील.